जर्सी कधी बदलावी, कधी बदलू नये

मैदानाची ओळख : लेखांक ७

२० मार्च २०२२ च्या संध्याकाळी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. केरला ब्लास्टर्स विरुद्ध हैदराबाद एफसी. दोन्ही संघांचा घरचा रंग पिवळा. करोनामुळे लीगचं सगळं खेळणं गोव्यातच, बंद दाराआड चाललं होतं आणि अंतिम सामन्याला प्रेक्षकांना दारं उघडली गेली. केरळहून लोंढे आले आणि त्यांनी गॅलऱ्या पिवळ्याधमक करून टाकल्या. त्यांचा संघ मैदानात आला तो मात्र काळ्या-निळ्या जर्सीत. साखळीत हैदराबाद दुसरं आणि केरळ चौथं असल्याने यजमानाचा मान हैदराबादला मिळाला आणि त्याबरोबर पिवळा रंगही. राहुल के. पी.ने केरळला आघाडी मिळवून दिली, सामना संपत आला असताना गोव्याच्या साहिल तवोराने बरोबरी साधली आणि पेनल्टीत गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवून करंडक हैदराबादला दिला.

केरळच्या लोकांना रंगाचं दुःख झालं. ते समजण्यासारखं आहे. त्यांचा पिवळा २०१४ पासूनचा, हैदराबादचा जेमतेम तीन हंगामांचा. तरीही निर्णय बरोबर होता, असं मला वाटतं. का, ते समजून घेण्यासाठी नियमाकडे जाऊ.

फुटबॉलचे नियम १७. त्यातला चौथा खेळाडूच्या पोशाखाचा. जर्सी, हाफपँट, स्टॉकिंग्ज, शिनगार्ड आणि बूट या पाच गोष्टी सक्तीच्या. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे ओळखू आले पाहिजेत. गोलकीपरचा रंग बाकी सगळ्यांहून वेगळा हवा, कारण चेंडू हातात घेण्याचा हक्क त्याच्या एकट्याचा. आत घातलेल्या बनियनची बाही जर्सीच्या बाहीच्या रंगाची, हाफपँटखालची तंग चड्डी हाफपँटच्या रंगाची. एवढं काटेकोर बोलणारा हा नियम एका ठिकाणी सैल होतो. दोन्ही गोलकीपरांच्या जर्सी एकाच रंगाच्या निघाल्या आणि दोघांकडेही दुसरी नसेल, तर पंचांनी खेळ सुरू ठेवावा. दोघं मैदानाच्या दोन टोकांना उभे असतात, त्यांच्यात गफलत होणार कुणाची? म्हणजे हा नियम शोभेसाठी नाही, डोळ्यांसाठी आहे. ज्याला निमिषभरात पास द्यायचा त्या खेळाडूच्या, ज्याला ऑफसाइड पाहायचा त्या लाइनवरच्या पंचाच्या आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसाठी.

रंग सारखे निघाले तर बदलायचं कुणी, हे मात्र नियम सांगत नाही. ते ज्या त्या स्पर्धेने ठरवायचं. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये १९२१ पर्यंत यजमान संघ आपला रंग बदलत असे आणि पाहुणा स्वतःच्याच रंगात खेळे. मला ही जुनी रीत मनापासून आवडते. तिच्यात पाहुण्याचा मान होता, शिवाय सोयही होती : यजमानाचं कपाट मैदानालगतच असायचं. पुढे रीत उलटली आणि पाहुण्याने दुसरा जोड घेऊन फिरायचं ठरलं. फातोर्ड्यासारख्या दोघांनाही परक्या मैदानावर यजमान ठरवायला साखळीतला क्रमांक हे मोजता येणारं माप आहे. कुणाचा रंग जुना आणि कुणाचं प्रेम मोठं, हे मोजत बसलं तर सामना सुरूच व्हायचा नाही.

अशा प्रसंगाची सर्वांत मोठी कथा १९५८ ची. स्वीडनमधल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात यजमान स्वीडनही पिवळा आणि ब्राझीलही पिवळा. रंग बदलण्याची पाळी ब्राझीलवर आली. दुसरा जोड त्यांच्याकडे नव्हता. स्टॉकहोममधून निळ्या जर्सी विकत आणल्या, पिवळ्या जर्सींवरची बोधचिन्हं उसवून त्यांच्यावर टाचली. खेळाडूंचं मन खट्टू झालं होतं, तेव्हा पथकप्रमुख पाउलो माशाडो द कार्व्हालो यांनी त्यांना सांगितलं, की निळा हा ब्राझीलची रक्षणकर्ती मानल्या जाणाऱ्या मातेच्या वस्त्राचा रंग आहे. ब्राझील ५-२ ने जिंकलं. सतरा वर्षांच्या पेलेने दोन गोल केले.

आणि जो पिवळा सोडताना त्यांना एवढं वाईट वाटलं, तो तरी किती जुना होता? १९५० मध्ये ब्राझील पांढऱ्या जर्सीत खेळे. त्या वर्षी १६ जुलैला माराकाना स्टेडियमवर उरुग्वेने त्यांना २-१ ने हरवलं आणि पांढरा रंग लोकांच्या मनातून उतरला. १९५३ मध्ये एका वृत्तपत्राने स्पर्धा घेतली. ध्वजातले चारही रंग जर्सीत यायला हवेत, ही अट. आल्दिर गार्सिया श्ली या १९ वर्षांच्या तरुणाचं चित्र निवडलं गेलं : पिवळी जर्सी, हिरवी किनार, निळी हाफपँट, पांढरे स्टॉकिंग्ज. पराभवानंतर रंग बदलणं मला एरवी पटत नाही, कारण हरतो तो खेळ, कापड नव्हे. इथे मात्र बदल खुलेपणाने, देशाला विचारून झाला आणि ध्वजातून आला. म्हणून तो टिकला.

डोळ्यांकडे परत येऊ. १९७८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे फ्रान्स आणि हंगेरी दोघंही पांढऱ्या जर्सीत हजर झाले. तेव्हा पुष्कळ घरांतले टीव्ही कृष्णधवल होते. त्यावर लाल आणि निळा सारखेच करडे दिसत, म्हणून एका संघाने गडद आणि दुसऱ्याने फिकं घालायचं अशी योजना असे. तीच इथे फसली. शेवटी किम्बर्ली नावाच्या तिथल्याच एका क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी मागून आणल्या, सामना बराच उशिरा सुरू झाला आणि फ्रान्सने तो परक्या कपड्यांत ३-१ ने जिंकला.

पंचांपासून वेगळं दिसण्याचा नियमही असाच एक रंग अडवून ठेवायचा. पंच पिढ्यानपिढ्या काळ्या वेशात, म्हणून काळी जर्सी संघांना जवळपास बंद. १९९२ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगने पंचांना हिरवा वेश दिला आणि काळा रंग मोकळा झाला.

दोन संघ वेगळे दिसले तरी भागत नाही, आपलाच गडी आपल्याला दिसला पाहिजे. १३ एप्रिल १९९६ ला साउदॅम्प्टनच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेड करड्या जर्सीत खेळत होतं आणि मध्यंतराला ०-३ ने मागे होतं. व्यवस्थापक अॅलेक्स फर्ग्युसन यांनी मध्यंतरातच सगळ्यांना निळी-पांढरी जर्सी घालायला लावली. कारण दिलं ते असं, की करड्या रंगातले सहकारी गर्दीच्या पार्श्वभूमीत खेळाडूंना दिसतच नव्हते. सामना १-३ ने गेलाच. पुष्कळांनी ती सबब मानली. मी मानत नाही. पळताना खेळाडू मान वळवून पाहत नाही, डोळ्याच्या कडेने रंग टिपतो आणि पास देतो. युनायटेडने त्या करड्या जर्सीत एकही सामना जिंकला नव्हता आणि क्लबने ती लगेच मोडीत काढली. जर्सी बदलण्याचं याहून चोख कारण नाही.

याच बाबतीत एक वर्ग अजूनही दुर्लक्षित आहे. लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारे. उत्तर युरोपातल्या पुरुषांत हे प्रमाण बारांत एक धरतात. आपल्याकडे ते कमी आहे, तरी एखाद्या भरल्या स्टेडियममध्ये अशांची संख्या थोडीथोडकी नसते. २०१८ च्या विश्वचषकाचा पहिलाच सामना लाल रशिया आणि हिरव्या सौदी अरेबियाचा झाला तेव्हा अशा प्रेक्षकांनी जगभरातून तक्रार केली. रंगीत टीव्ही आला म्हणून गडद-फिक्याचा जुना हिशेब टाकून द्यायला नको होता.

आता दुसरा प्रश्न, जो मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो : संघाने आपली ओळखच केव्हा बदलावी? नांदेड-लातूरकरांनी यासाठी हैदराबादकडे पाहावं, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. (लातूर जिल्हा तेव्हा नव्हता, तो उस्मानाबादेतून १९८२ मध्ये झाला.) हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. ‘मैदान’ या चित्रपटामुळे नव्या पिढीलाही ते नाव माहीत झालं आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या भारतीय संघातले अनेक जण अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाकडून १०-१ ने हरले. त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. भारतीय फुटबॉलच्या पोशाखातला हा सर्वांत मोठा बदल आणि तो वेळेवर झालेला बदल. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो, ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले.

राज्य फुटलं आणि आपण मुंबई राज्यात आलो. १९५७-५८ च्या हंगामात संतोष करंडकाच्या अंतिम फेरीत हैदराबादने मुंबईला हरवलं. नकाशाने नांदेड तेव्हा मुंबईकडे होतं. ज्यांचं शिक्षण, कोर्टकचेऱ्या, बाजारहाट सगळं हैदराबादशी जोडलेलं होतं, त्यांनी त्या दिवशी कोणाचा विजय आपला मानावा, हे कुठल्याही राजपत्राने सांगून होणारं नव्हतं.

याच हैदराबादच्या नावाने २०१९ मध्ये नवा व्यावसायिक संघ उभा राहिला, तो पुण्याच्या जागेवर. एफसी पुणे सिटी २०१४ पासून केशरी-जांभळ्या जर्सीत खेळत होता. पैशांची गणितं बिघडली, संघ बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला, पिवळ्या-काळ्यात. फातोर्ड्याचा करंडक त्याचाच. आणि २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला नेला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. अकरा वर्षांत एका जागेला तीन शहरं. पुण्याच्या ज्या मुलाने बालेवाडीत बसून केशरी जर्सी घालून ओरडून घसा बसवला, त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. हैदराबादच्या मुलालाही नाही. व्यवसायात मालक बदलणार, शहर बदलणार, हे मला कळतं. पण याला जर्सी बदलणं म्हणत नाहीत. हे लोकांना वाऱ्यावर सोडणं आहे.

लोक अशा वेळी काय करू शकतात, हे वेल्समधल्या कार्डिफ सिटीने दाखवलं. २०१२ मध्ये मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी क्लबचा परंपरेचा निळा रंग बदलून लाल केला. लाल जर्सीत संघ पुढच्याच वर्षी प्रीमियर लीगमध्ये चढला, म्हणजे यश पदरात पडलं होतं. तरी लोकांनी निळ्याचा हट्ट सोडला नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आला. कोलकात्यात मोहन बागानचंही काहीसं असंच. २०२० मध्ये एटीके संघाशी विलीनीकरण झालं, हिरवा-मरून रंग राखला, पण नावापुढे एटीके लागलं. ते काढा म्हणून लोक तीन वर्षं अडून बसले. २०२३ मध्ये संघाने लीगचा करंडक जिंकला आणि त्याच रात्री मालकांनी नाव बदलत असल्याचं जाहीर केलं. रंगाचा खरा मालक कोण, याचं उत्तर मला या दोन शहरांत मिळतं.

पैशासाठी होणाऱ्या बदलाबद्दल थोडक्यात. मोठे क्लब दरवर्षी तीन-तीन नव्या जर्सी काढतात : घरची, बाहेरची आणि तिसरी. पूर्वी इंग्लंडमध्ये एक जर्सी दोन हंगाम चालवण्याची पद्धत होती. बाहेरची आणि तिसरी हवी तेवढी बदला, घरची निदान दोन वर्षं ठेवा, एवढं बंधन लीगनीच घालावं. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत लेकराला जर्सी घेऊन देणाऱ्या आईबापाला ती पुढच्या वर्षी जुनी ठरणार नाही एवढी खात्री हवी.

आणि आता आपली मैदानं. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या तोंडावर, राज्यभरच्या शाळांतून एकाच दिवशी लाखो मुलामुलींनी फुटबॉल खेळला. तेव्हापासून आपल्याकडेही पुष्कळ शाळांत चेंडू आला, पण जर्सीचा जोड बहुधा एकच, आणि तो बहुतेकदा पांढरा किंवा निळा. आंतरशालेय सामन्यात दोन निळे संघ समोरासमोर आले की पंच हताश होतात. यावर खर्चिक उपाय लागत नाही. सरावाला वापरतात ते जाळीचे बिब, एक संच भडक केशरी आणि एक पोपटी, संयोजकांनी मैदानावर ठेवावेत. चिठ्ठी टाकून ज्याची पाळी येईल त्याने घालावेत. पाठीवर नंबर मोठे हवेत, कारण पिवळं कार्ड दाखवताना पंच नंबरच लिहून घेतात. शाळेने नवा जोड शिवायला टाकताना पहिला गडद घेतला असेल तर दुसरा फिका घ्यावा, आणि गोलकीपरसाठी या दोन्हींत नसलेला तिसरा रंग. काळ्या मातीच्या मैदानावर पांढरे स्टॉकिंग्ज पहिल्या दहा मिनिटांत मातीचे होतात, तेव्हा फरक जर्सीत आणि हाफपँटमध्ये असावा, पायांवर विसंबू नये. आणि ही सगळी तपासणी नाणेफेकीच्या वेळी करू नये. दोन्ही कर्णधारांना अर्धा तास आधी जर्सी हातात घेऊन बोलवावं, म्हणजे बदलायला वेळ राहतो.

(पुढील आठवड्यात : गोलकीपरने चेंडू किती वेळ हातात ठेवावा?)