उपदेश आवरण्याची विद्या : न्यायवैद्यक समुपदेशकांच्या प्रशिक्षणातील कळीचा मुद्दा

चेन्नई : व्यसनापायी कायद्याच्या कचाट्यात सापडलेला माणूस समुपदेशकापुढे बसतो, तेव्हा तो बहुधा स्वेच्छेने आलेला नसतो. न्यायालयाने, तुरुंग प्रशासनाने किंवा घरच्यांनी त्याला धाडलेले असते. ‘मला काहीही झालेले नाही,’ असे तो म्हणतो आणि नवखा समुपदेशक तत्काळ उपदेशाला प्रारंभ करतो. हा मोह आवरायला शिकवणारी पद्धत म्हणजे ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’, अर्थात बदलाची प्रेरणा जागवणारा संवाद.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मद्यपींवरील उपचारांच्या संदर्भात ती प्रथम मांडली. स्टीफन रोलनिक यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धतीचे गृहीतक साधे आहे. व्यसनी माणसाच्या मनात सोडण्याची आणि न सोडण्याची, अशा दोन्ही बाजू नांदत असतात. समुपदेशकाने एक बाजू उचलून धरली, की समोरचा दुसरीचे वकीलपत्र घेतो आणि स्वतःचेच बोलणे ऐकून तिच्यावर ठाम होतो.

‘प्यायलो नाही तर झोप येत नाही, पण मुलगी हल्ली जवळ येत नाही,’ असे कोणी म्हणाले, तर ‘मग सोडत का नाही?’ हा प्रश्न त्याला पुन्हा झोपेच्या तक्रारीकडे नेतो. ‘मुलीचे दुरावणे तुमच्या मनाला लागले आहे,’ एवढेच म्हटले तर पुढचे वाक्य तो स्वतः बोलतो. ऐकलेले अर्थासह परत करण्याच्या या कौशल्याला प्रतिबिंबन म्हणतात. प्रशिक्षणात ध्वनिमुद्रित संभाषणे तपासली जातात आणि एका प्रश्नामागे दोन प्रतिबिंबने हे चांगल्या कामगिरीचे प्रमाण मानले जाते.

चेन्नईत या प्रशिक्षणाला पूरक भूमी आहे. शांती रंगनाथन यांनी 1980 मध्ये येथे टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन स्थापन करून व्यसनमुक्ती उपचारांचा पाया घातला. पुण्यातील ‘मुक्तांगण’ त्यानंतर सहा वर्षांनी उभे राहिले. मद्रास विद्यापीठात गुन्हेशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तर शहराच्या उत्तरेला पुळल येथे मध्यवर्ती कारागृह आहे. अडचण भाषेची. पाठ्यपुस्तके इंग्रजी, संवाद मात्र तमिळमध्ये. एकेरी ‘नी’ ऐकण्याची सवय जडलेल्या आरोपीला आदरार्थी ‘नींगळ’ म्हणण्यापासूनच हे शिक्षण सुरू व्हायला हवे. मराठीतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील अंतर जाणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

एका कार्यशाळेत हे साधत नाही, हे मिलर यांनीच दाखवून दिले. परिवीक्षा क्षेत्रातील प्रशिक्षणार्थींवरील 2001 च्या अभ्यासात कार्यशाळेनंतर त्यांनी स्वतःला पारंगत मानले; ध्वनिफितींत मात्र जुन्या सवयी फारशा सुटल्या नव्हत्या आणि समोरच्यांच्या प्रतिसादातही फरक नव्हता. 2004 मध्ये 140 व्यावसायिकांवर झालेल्या चाचणीत कार्यशाळेनंतरचा अभिप्राय आणि मार्गदर्शन मिळालेल्यांचे कौशल्य अधिक टिकले. दोन दिवसांच्या शिबिरानंतर प्रमाणपत्र वाटण्याच्या आपल्याकडील प्रथेला हे निष्कर्ष अडचणीचेच आहेत.

भारतीय कायद्यात या संवादाला वाव आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 39 नुसार ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला, तिच्या संमतीने, शिक्षेऐवजी उपचारासाठी मुक्त करता येते. ही संमती खरी असावी, ती दडपणाखाली उच्चारलेला होकार नसावा. सुटका बोलण्यावर अवलंबून असेल, तर बदलाची भाषा कोणीही पाठ करील.

न्यायवैद्यक मानसशास्त्राची भारतातील सर्वसामान्य ओळख आजही नार्को चाचणीशी जोडलेली आहे. संमतीविना अशा चाचण्या घेणे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या सेल्वी खटल्यात घटनाबाह्य ठरवले. सहानुभूतीने ऐकून कबुली काढून घेणे हा त्याच गोष्टीचा सौम्य अवतार ठरू शकतो. म्हणून आपण कोणासाठी काम करतो, अहवालात काय लिहिले जाईल आणि तो कोण वाचेल, हे समुपदेशकाने पहिल्याच भेटीत, पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी सांगणे आवश्यक असते. ते ऐकून समोरचा गप्प बसला, तर ती शांतताही त्याला मान्य करावी लागते.