रिकामं काडतूस घरी भरावं का?

"नाना, रिकामी काडतुसं फेकायची कशाला? अमेरिकेत तर लोक घरीच भरतात." आषाढीच्या रथासाठी पिंप्राळ्याला आलेल्या माझ्या पुतण्याने हे विचारलं. त्याची केळी तापीकाठी, तिथे रानडुकरांचा धुमाकूळ, आणि आजोबांच्या पश्चात त्याच्या नावावर झालेला बारा बोअरचा परवाना. माझी नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत, तपासणी विभागात झाली. म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

काडतुसात चार वस्तू असतात: खोळ, दारू पेटवणारी टोपी, दारू आणि गोळी किंवा छर्रे. बार झाला की कामाची उरते फक्त खोळ. रायफलची खोळ पितळेची, साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. सगळ्यात महाग भाग तोच, म्हणूनच ती पुन्हा वापरायचा मोह होतो. पण बार होताना पितळ फुगून नळीच्या भिंतीला टेकतं. ते दाबून मापात आणावं लागतं. दर वेळी ते अधिक कडक होतं आणि शेवटी तोंडाशी तडकतं. बारा बोअरची खोळ बहुधा प्लास्टिकची, बुडाला धातूची वाटी. तिचं तोंड तर आणखी लवकर फाटतं.

अमेरिकेत हा छंद टिकला त्याला कारणं आहेत. तिथे वर्षाला हजारो बार करणारे नेमबाज आहेत. यंत्र, साचे, काटा यांचा खर्च त्यांना पुढे वसूल होतो. शिवाय आपल्या रायफलला जुळेल असं काडतूस जमवता येतं. मात्र सगळीच काडतुसं पुन्हा भरता येत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातल्या .22 काडतुसात वेगळी टोपी नसते, पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. ती खोळ एकदा वापरली की संपली. त्यामुळे मोठे नेमबाज कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं उडवून पाहतात आणि आपल्या रायफलला जुळणारा लॉट निवडतात.

मला सगळ्यात जास्त काळजी दारूच्या वजनाची वाटते. ती ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम, आपल्या जळगावच्या सराफाच्या हिशेबात जेमतेम अर्धी गुंज. त्यात चुकून दुप्पट माप पडलं तर नळी फुटू शकते, हात आणि डोळे जाऊ शकतात. दारू पडलीच नाही, तरी नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार तिच्यावर होतो. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूऐवजी धूर न करणारी दारू भरणं हे तर मरण ओढवून घेणं आहे. कारखान्यात प्रत्येक लॉटमधले नमुने दाब मोजणाऱ्या नळीतून उडवतात, वेग मोजतात, गेज लावतात. नमुना नापास झाला की अख्खा लॉट अडतो. 1964 पासून वरणगावात हेच काम चालू आहे; 2021 मध्ये ती निर्माणी म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेली. ही तपासणी घरच्या टेबलावर कोणी करू शकत नाही.

एके काळी प्रत्येक बार हातानेच भरावा लागे. 1825 च्या सुमारास आउट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल कॉर्प्स ही पलटण उभी केली, तेव्हा सर्रास ठासणीच्याच बंदुका होत्या. आज तशी लाचारी नाही.

आता कायदा. शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची सरकारने अधिसूचित केलेली यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात. बंदूक बाळगण्याचा परवाना कलम 3 चा. बनवण्याचा परवाना कलम 5 चा, तो वेगळा. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप आहे. परदेशातले व्हिडिओ पाहून यंत्र मागवणाऱ्याने हे आधी वाचावं.

पुतण्या वर्षभरात जेमतेम पंधरा-वीस बार करतो, तेही आवाज करून डुकरं पळवायला. एवढ्यासाठी यंत्र घेतलं तर त्याची किंमत जन्मात वसूल होणार नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना आहे म्हणून रानडुक्कर मारता येतं, असंही नाही. त्याला वनखात्याची परवानगी लागते. त्यापेक्षा पिकाचं नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करावा.

माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या परवानाधारकाला घरी काडतूस भरणं पैशात परवडत नाही, वेगळ्या परवान्याशिवाय कायद्यात बसत नाही आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच. काडतुसं परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. वाडवडिलांच्या पेटीत जुनी दारू, टोप्या किंवा काळवंडलेली काडतुसं सापडली, तर ती वापरून पाहू नका, हलवूही नका. पोलीस ठाण्याला कळवा आणि त्यांच्या ताब्यात द्या.