नको ते चर्चागट यादीबाहेर

१९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात युझनेट या संगणकांवरच्या चर्चाजाळ्याची कल्पना निघाली. पुढे युझनेटवरचे चर्चागट हजारोंवर गेले. एक वाचक वाचणार त्यातले मोजकेच. 'लीफनोड' हा छोटा सर्व्हर नेमके हेच हेरतो. कुणी गट उघडला, तरच त्यातले लेख तो मोठ्या सर्व्हरवरून आणून साठवतो. आठवडाभर कुणी फिरकले नाही, की आणणे बंद.

तरीही गटांच्या नावांची लांबलचक यादी उरतेच. त्यावर उपाय म्हणजे सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ : गटाचे नाव 'कॉम्प' (संगणक) किंवा 'साय' (विज्ञान) या शाखेच्या नावाने सुरू होत असेल, तरच घ्या. मग 'आल्ट'ची अख्खी शाखा यादीत येतच नाही. मात्र ओळ बदलल्यावर यादी नव्याने मागवायला विसरू नका. नाहीतर जुनी नावे तशीच राहतात. आपण काय वाचायचे, हे आपणच ठरवावे. ही सोय मोलाची आहे.