महामार्गाची दारे

साताऱ्याकडून कात्रजच्या नव्या बोगद्यातून मुंबईकडे निघालेले अवजड वाहन दीर्घ उतारावरून खाली येते आणि नवले पुलाच्या परिसरात त्याची गाठ नऱ्हे, वडगाव, धायरी येथून कामावर निघालेल्या दुचाकीस्वारांशी पडते. २०२२ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा २०२५ च्या नोव्हेंबरात येथे जे भीषण अपघात घडले, त्यांचे स्मरण पुणेकरांस करून देण्याची आवश्यकता नाही. दर वेळी दोष उताराला, ब्रेकला किंवा चालकाला दिला गेला. तो सर्वस्वी अन्याय्य होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु उतार डोंगराचा आहे. त्याच्या पायथ्याशी गावची रहदारी आणून सोडली ती माणसांनी.

हा बाह्यवळण मार्ग शहराला वळसा घालण्यासाठी आखला गेला. शहर मात्र त्याच्या पलीकडे निघून गेले. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली, मार्गाच्या दोहो अंगांस घरे, उपाहारगृहे, गोदामे उभी राहिली आणि ज्याला त्याला आपले दार महामार्गावरच उघडावेसे वाटू लागले. हा धोका नवा नाही. इंग्लंडने तो ओळखून रस्त्याकाठच्या अशा पट्टीवजा वस्तीवर १९३५ सालीच कायद्याने निर्बंध घातले. जुन्या मुंबई राज्याच्या १९५५ च्या महामार्ग अधिनियमातही प्रवेशाच्या नियमनाची तरतूद होती. २००२ चा केंद्रीय कायदा तर स्पष्टच सांगतो की, परवानगीवाचून राष्ट्रीय महामार्गावर वाहन आणण्याचा हक्क कोणासही नाही. तेव्हा उणीव कायद्याची खचित नव्हे.

चार रस्ते जेथे मिळतात तेथे वाहनांच्या वाटा एकमेकींशी ३२ ठिकाणी भिडतात. तीन मिळतात तेथे ९ ठिकाणी. दुभाजक अखंड ठेवून उपरस्त्यावरील वाहनांस केवळ डावीकडून येऊ-जाऊ दिले, तर अशी ठिकाणे उरतात दोन. हे गणित अधिकारीवर्गास ठाऊक असते, म्हणूनच अपघात घडला की दुभाजकातील फट, चालकांच्या भाषेत ‘कट’, तातडीने बुजवली जाते. पुढचे गणित मात्र कोणी मांडत नाही. समोर दिसणाऱ्या दुकानासाठी ज्याला दोन-तीन किलोमीटरांचा वळसा पडतो, तो उद्यापासून उलट्या दिशेने दुचाकी हाकू लागतो. प्रस्तुत लेखक शिक्षक असताना शाळेचे मागचे फाटक एकदा शिस्तीखातर बंद झाले. आठ दिवसांत मुले भिंतीवरून उड्या मारू लागली. मुलांना छड्या बसल्या, फाटक बंदच राहिले.

२००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, तीनचाकी आणि पादचारी यांना मज्जाव करता आला, याचे कारण त्यांच्यासाठी जुना महामार्ग शिल्लक होता. (अपघात तेथेही झाले, पण ते निराळे प्रकरण.) नवले पुलाच्या परिसरात अशी दुसरी वाट कोठे होती? सेवा रस्ता वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनीच राहिला. एक तुकडा संपला की दुचाकीस्वाराला निमूटपणे मालमोटारींच्या रांगेत शिरावे लागे. ज्यांच्या जमिनी या मार्गाखाली गेल्या त्यांनी रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा आणि कालपरवा उभ्या राहिलेल्या एखाद्या मंगल कार्यालयाला मात्र थेट दार मिळावे, हा न्याय आम्हांस समजत नाही.

म्हणून आमची मागणी क्रमाची आहे. आधी दोन्ही बाजूंस अखंड सेवा रस्ता आणि पायी ओलांडण्यास उजेडाचे भुयारी मार्ग. मग दुभाजकातील फटी बंद, आणि त्या कायमच्या बंद. सेवा रस्त्यासाठी जागा मिळत नाही हे उत्तर आम्ही पुष्कळ ऐकले. ती जागा ताब्यात येईपर्यंत निदान एक काम बिनखर्चाचे आहे. बोगद्यापासून देहूरोडपर्यंत महामार्गावर उघडणाऱ्या प्रत्येक दाराची यादी महामार्ग प्राधिकरण आणि महापालिका यांनी मिळून प्रसिद्ध करावी, आणि कोणते दार कोणाच्या परवानगीने, कोणत्या साली उघडले हे प्रत्येकापुढे लिहावे.