माहेरचं शोकेस आणि अमेरिकेचं कासव

माहेरच्या वस्तूत आपला जीव किती अडकलेला असतो, ते मी काय सांगू! माझ्या लग्नात बाबांनी शोकेस दिलं होतं. सागाची चौकट, सरकत्या काचा, तळाला प्लायवूड. टीव्ही भिंतीवर गेला तरी हिंगोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत ते मी अडवून ठेवलेलं. शेवटी ते गेलं एका कासवाला!

लेकाच्या वाढदिवसाला त्याच्या मामाने नांदेडहून आणलं. रुपयाएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा. हे मूळचं अमेरिकेतलं, रेड इअर्ड स्लायडर. (आपल्याकडची कासवं, साप, घोरपडी घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाठीवर चांदण्या असलेलं 'लक्ष्मी आणणारं' कासवसुद्धा!) सासूबाई खूश. देवळात आपण आधी कासवालाच नमस्कार करतो ना!

सहा महिने ते काचेच्या बरणीत होतं. मग खाईना. पाठ दाबली तर चक्क मऊ लागली. पोरगं रडून हैराण. परभणीला पशुवैद्यकीय शिकणारी भाची आली, म्हणाली, "मावशी, याला ऊन कुठंय?" खिडकीत तर ठेवलं होतं! पण काचेतून ऊब येते, कवच घट्ट करणारे अतिनील किरण काच अडवते. हे मला चाळिशीत कळलं.

मग शोकेस रिकामं केलं. मधली फळी काढली, काचांच्या जागी बारीक जाळी ठोकली. खाली प्लास्टिकचा मोठा टब, त्यात विटांवर शहाबादी फरशीचा तुकडा. पाण्यातून चढून पूर्ण कोरडं बसता आलं पाहिजे, नाहीतर कवच सडतं. वर ऊब देणारा दिवा आणि शेजारी अतिनील दिवा. हा दुसरा दिसायला पेटलेला असला तरी काही महिन्यांनी त्यातले किरण संपतात, बदलावा लागतो. दिव्यांना जाळीचं टोपण, नाहीतर भाजतं. आपल्या एप्रिल-मेमध्ये मात्र ऊब देणारा दिवा बंद. तेव्हा सावलीच शोधावी लागते. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस. तो मिळतो अगदी स्वस्तात.

एक चूक झालीच. टबातलं पाणी सांडून सांडून तळाचं प्लायवूड फुगलं. बाबांची आठवण झाली, डोळ्यांत पाणी आलं. आता खाली पत्रा घातलाय. तो आधीच घालायला हवा होता.

टबाचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायचं नाही, ते जास्वंदीला. हात साबणाने धुवायचे. कासवांपासून मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होतो, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. आपल्याकडे मात्र वाढदिवसाला देतात!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढा व्याप कशाला? कयाधूत सोडून दे, पुण्य लागेल." पुण्य कसलं? ही परकी कासवं आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा बळकावतात.

कवच घट्ट व्हायला बरेच महिने लागले. आता ते बशीएवढं झालंय, मादी असेल तर ताटाएवढंही होईल. जगतं वीस-तीस वर्षं! लेक जूनमध्ये अकरावीला नांदेडला जाणार. परवा म्हणाला, "आई, पाणी तू बदलशील ना?" गेली चार वर्षं कोण बदलतंय, हे मी त्याला विचारलं नाही. टब पुरेनासा झालाय. गच्चीवर पाण्याची जुनी टाकी पडली आहे, ती अर्धी कापून घ्यायला सुताराला रविवारी बोलावलंय.