साडेअठरा गुंठ्यांचा जादूगार

‘फायटर भारी की विझर्ड?’ डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर हा प्रश्न निघाला की त्या संध्याकाळी खेळ होत नाही, वाद होतो. प्रत्येक गटात एक जण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडणारा असतो. आमच्यात तो मी.

पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ चे नियम घेऊ. दोघेही लेव्हल २० वर, शिखरावर. फायटरच्या दोन्ही हातांत भलीमोठी ग्रेटसोर्ड. एका वाराला दोन फासे टाकायचे, त्यात ताकदीचे ५ मिळवायचे: सरासरी मार १२. एका फेरीत त्याचे चार वार होतात, जादा वारांची ‘ॲक्शन सर्ज’ ही खुबी वापरली तर आठ. सगळे लागले तर ९६. विझर्डचं ब्रह्मास्त्र म्हणजे मिटिअर स्वॉर्म: आकाशातून चार उल्का, ४० फासे, सरासरी १४०. फेरी दोघांचीही सहा सेकंदांची.

म्हणजे विझर्ड जेमतेम दीडपट. बहुतेक वाद इथेच मिटतात, आणि इथेच फसतात.

कारण फायटरचे ९६ हे एकूण आहेत. विझर्डचे १४० माणशी आहेत. प्रत्येक उल्केचं वर्तुळ ४० फूट त्रिज्येचं. चारही वर्तुळं एकमेकांना न शिवता मांडली की २०,१०६ चौरस फूट जमीन भाजून निघते. आपल्या मापात साडेअठरा गुंठे, अर्ध्या एकराला जरा कमी. खेळाच्या नकाशावर पाच-पाच फुटांचे चौकोन असतात. दर चौकोनात एक ऑर्क, म्हणजे खेळातला राक्षसी शत्रू, उभा केला तर ८०४ ऑर्क. फायटरची तलवार भोवतालच्या आठ चौकोनांपर्यंत पोचते. त्याचा स्वतःचा धरून २२५ चौरस फूट, चाळीतली एक खोली. आणि विझर्ड हे सगळं मैलभर लांब उभा राहून करतो.

आता ते ४० फासे. कुणाकडेच एवढे नसतात. मग पिशव्या उपड्या होतात, घरातल्या सापशिडीच्या डब्यातला फासा येतो, एक सोफ्याखाली जातो, दोन जण दहा-दहाचे ढीग करून बेरीज करतात आणि ती दोनदा वेगवेगळी येते. खरं तर एवढी मेहनत कशाला? ऑर्कचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, सरासरी १५. समजा चाळीसच्या चाळीस फाशांवर एकच पडला: बेरीज ४०. ऑर्कने चपळाई दाखवली तर मार निम्मा होतो: २०. तरीही तो मेलाच. असं दान पडण्याची शक्यता किती, तर एक भागिले ६ चा ४० वा घात, म्हणजे १३ वर ३० शून्यं एवढ्या दानांत एक. पृथ्वीवरच्या ८ अब्ज माणसांनी विश्व जन्मल्यापासून आजपर्यंत दर सेकंदाला ४० फासे टाकले असते, तरी हे दान एकदा दिसण्याची शक्यता चार हजारांत एक इतकीच. विश्वातलं सगळ्यात फुटकं नशीबही त्या ८०४ जणांना वाचवत नाही.

तेच ८०४ फायटरला दिले तर? त्याचा वार ऑर्कला शंभरात ९५ वेळा लागतो, पण एका वारात ऑर्क क्वचितच पडतो. फेरीला साधारण दोन. म्हणजे जवळपास ४०० फेऱ्या, ४० मिनिटं. तेही ऑर्क मुकाट उभे राहिले तर. ते राहत नाहीत. पूर्ण चिलखत घातलेल्या फायटरवर आठ ऑर्कांनी एकदम कुऱ्हाडी चालवल्या की फेरीला सरासरी ३३ हिट पॉइंट जातात. बऱ्यापैकी काटक फायटरकडे १८४ असतात. सहाव्या फेरीत, अर्ध्या मिनिटाच्या जरा पुढे, तो पडतो. तोवर पंधराएक ऑर्क.

खेळाडूंत जुनी कुरकूर आहे की फायटर सरळ रेषेत वाढतो आणि विझर्ड वर्गात. (फायटर, विझर्ड हे खेळातले ‘क्लास’, आणि मराठीत ‘क्लास’लाही वर्गच म्हणतात, हा आपला फायदा.) ती अक्षरशः खरी आहे. विझर्डला लेव्हल ५ वर मिळणाऱ्या फायरबॉलची त्रिज्या २० फूट, मार सरासरी २८. मिटिअर स्वॉर्ममध्ये त्रिज्या दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट, वर्तुळं चार, म्हणून सोळापट, मार पाचपट. एकूण ऐंशीपट. तेवढ्या लेव्हलांत फायटरचे वार दोनाचे चार होतात.

या तफावतीचं मूळ खेळाच्या जन्मातच आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ आणला, तो ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळाच्या पोटातून. चेनमेलमध्ये ‘हीरो’ चार माणसांच्या बरोबरीचा, ‘सुपरहीरो’ आठांच्या. विझर्डच्या फायरबॉलचा आवाका मात्र मोठ्या दगडफेक्या यंत्राएवढा ठरवलेला. एकाला माणसांनी मोजलं आणि दुसऱ्याला तोफखान्याने. पुढच्या आवृत्त्यांनी बरीच डागडुजी केली, तरी तो पाया हलला नाही.

फायटरच्या बाजूने बोलायचं तर दोन गोष्टी. पहिली, प्राचीन लाल ड्रॅगनला आग लागत नाही, त्यामुळे उल्कांचा अर्धा मार वाया: उरले ७०. शिवाय दिवसातून तीनदा तो ‘चुकवलं’ असं नुसतं जाहीर करू शकतो: उरले ३५. फायटरचे निम्मे वार ड्रॅगनच्या खवल्यांवरून निसटले तरी आठ वारांत ४८ होतात. आणि मिटिअर स्वॉर्मसारखा नवव्या पातळीचा स्पेल विझर्डला दिवसातून एकदाच. तलवार संपत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. फायटरला मोकळ्या माळावर उभं करण्याऐवजी पाच फुटी बोळात उभं करा. आता समोर एकच ऑर्क. फेरीला ३३ ऐवजी चारच हिट पॉइंट जातात. तोच माणूस, तीच तलवार, पण तो चव्वेचाळीस फेऱ्या टिकतो आणि पंधराऐवजी नव्वदेक ऑर्क पाडतो. खिंडीचं गणित मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आमच्या फायटरने हे आकडे पाहिल्यापासून लढाई सुरू होण्याआधी तो खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला शत्रू किती हे विचारतच नाही. दार किती रुंद आहे, ते विचारतो.