गळ्यांतील चाल कागदावर

आमच्या परतूरच्या घरीं आजोबांची भजनांची एक वही आहे. अक्षर मोत्यासारखें, एकही चरण गळालेला नाहीं. परंतु बहुतेक पदांच्या चाली आतां कोणासही ठाऊक नाहींत. शब्द वहींत राहिले, चाली आजोबांबरोबर गेल्या.

हीच अडचण कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक ख्रिस्ती देवळांतील गायकांसही होती. त्यांच्याजवळ स्वरांच्या खुणा होत्या, पण इतक्या सांकेतिक कीं गुरूनें सांगितल्यावांचून त्यांचा अर्थ उलगडत नसे. १८१४ च्या सुमारास क्रिसांथोस, गायक ग्रेगोरिओस व दफ्तरदार हुर्मूझिओस या तिघांनीं खुणा कमी करून स्वरांना पा, वू, गा, दी, के, झो, नी अशीं सुटसुटीत नांवें दिलीं आणि जुनें भांडार नव्या लिपींत उतरविलें. १८२० सालीं बुखारेस्ट येथें तीं पदें छापूनही निघालीं.

आपल्याकडे हें काम एका कीर्तनकाराच्या मुलानें अंगावर घेतलें. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ सालीं कुरुंदवाडास जन्मले. लहानपणीं फटाक्यानें दृष्टि अधू झाली, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणें शिकूं लागले. ज्यांस अक्षर दिसण्याची पंचाईत, त्यांनींच गाणें लिहिण्याचा ध्यास घ्यावा! १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय निघालें. एका गुरूसमोर वर्गभर मुलें बसल्यावर लिपीवांचून चालणार कसें?

त्यांच्या स्वरलिपींत प्रत्येक स्वराखालीं मात्रेचीही खूण असते. लय बिनचूक कळते, पण लिहितांना हात दुखतो. विष्णु नारायण भातखंडे वकिली सोडून याच मार्गाला लागले. त्यांची लिपि सोपी. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्रास खालीं टिंब, तारास वर, समेस फुली. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत घराण्यांच्या असंख्य चिजा त्यांनीं अशा बांधून ठेवल्या. मींड कागदावर येत नाहीं हा उस्तादांचा आक्षेप खराच. पण सांगाडा तरी उरतो, आणि आमच्या वहींत तोही नाहीं.

आमच्या आत्याबाईंना त्यांतील चार चाली येतात. गेल्या चातुर्मासांत पेटी पुढें घेऊन आम्हीं भातखंड्यांच्या लिपींत दोन उतरविल्या. तिसरी त्या दर वेळीं निराळी म्हणतात. जशी म्हणाल्या तशी, तीनही प्रकारांनीं, आम्हीं लिहून ठेविली आहे. चौथी अजून राहिली आहे.